सव्वातीन किलो शक्ती

कर्जतहून चौककडे निघालं की डाव्या हाताला एक आंब्याची बाग लागते. बागेच्या कडेला पत्र्याची लांबलचक शेड आहे. त्या रविवारी सकाळी नऊलाच शेडपुढे दीडेकशे माणूस जमलं होतं, आणि त्यातल्या निम्म्यांच्या मांडीवर सीपीयू होता. कुणी तो टॉवेलात गुंडाळून आणला होता, कुणी शालीत. एका बाईंनी तर उन्हाचा त्रास नको म्हणून त्याच्यावर पदर धरला होता. एरवी दवाखान्याच्या बाकावर चालतात तशा गप्पा चालल्या होत्या.

"कधीपासून आहे?" मोहोपाड्याच्या कॉलनीतून रिक्षा करून आलेल्या एका गृहस्थांना शेजारच्या बाईंनी विचारलं.

"तीन आठवडे झाले. एरवी हसतोखेळतो. मोठा गेम लावला की दोन मिनिटांत गप्प. डोळेच मिटतो."

"आमचा तर गेम उघडतानाच जातो."

"मग तुम्ही वेळेवर आणलात. आमच्याकडे आधी बाहेरचे उपचार झाले. तीनदा विंडोज बदललं. गुण नाही."

शेडच्या आत, लाल दिवे पेरलेल्या गेमिंगच्या खुर्चीवर वाघाच्या कातड्याच्या छापाचं कापड टाकून श्रीविद्युतानंद महाराज बसले होते. गळ्यात रुद्राक्षांची माळ, माळेत मधोमध तांब्याचा प्लग. ते कुठल्याही यंत्राला हात लावत नसत. आजारी सीपीयू त्यांच्यापुढे ठेवला जाई, ते डोळे मिटत, आणि त्यांचा शिष्य अजेय तो उचलून गाभाऱ्यात, म्हणजे पलीकडच्या प्लायवूडच्या खोलीत, 'अभ्यंगाला' नेई. पाव तासाने कुंकू लावलेला सीपीयू बाहेर येई, मोठ्या टीव्हीला जोडला जाई आणि सगळ्यांदेखत त्याच्यावर तोच जीवघेणा गेम लावला जाई. दोन मिनिटं जात. पाच जात. बॉम्ब फुटत, विमानं कोसळत, राक्षस आडवे होत, पण सीपीयू काही बंद पडत नसे. पंधराव्या मिनिटाला घंटा वाजे आणि शेडचे पत्रे हादरतील असा जयजयकार होई.

"पाश्चात्त्य म्हणतात, विजेचा रोध मोजायला आम्ही ओहम शोधला," महाराज डोळे न उघडता सांगत. "अरे, ॐ आपल्याकडे होताच. त्यांनी फक्त मधे 'ह' घुसवला. वॉट म्हणजे तरी काय? यंत्राचं तेज. ते बाजारात मिळत नाही, सिद्ध करावं लागतं."

"सिद्ध करावं लागतं," असं पुटपुटत रांगेत तेविसाव्या नंबरवर बसलेल्या गोपाळकृष्ण सबनीसांनी हात जोडले. शेजारी त्यांची वीस वर्षांची मुलगी सानवी मांडीवर सीपीयू घेऊन बसली होती. तिने हात जोडले नाहीत. एक तर हात मोकळे नव्हते, आणि असते तरी जोडले असते असं नाही.

सबनीसांचं कर्जतच्या बाजारपेठेत हार्डवेअरचं दुकान. खिळे, कड्या, कुलपं, नळ, साखळदंड, सिमेंट. चाळीस वर्षं त्यांनी तराजूच्या काट्यासमोर काढली होती आणि काट्याने त्यांना एकच तत्त्वज्ञान शिकवलं होतं: माल चांगला असेल तर जड असतो. नळ घ्या, पितळेचा जड, भेसळीचा हलका. कुलूप घ्या, कडी घ्या, तोच न्याय. चारुलताबाईंना पाहायला गेले तेव्हाही त्यांनी चहा पिण्याआधी कपबशी हातात तोलून पाहिली होती, असं बाई अजून सांगतात. दुकानाची आणखी एक खासियत होती. माथेरानच्या घोडेवाल्यांसाठी ते नालेचे खिळे ठेवत. चपट्या, निमुळत्या डोक्याचे ते खिळे अख्ख्या तालुक्यात दुसऱ्या कुणाकडे मिळत नसत, आणि हे ते गिऱ्हाईक घोड्याशी काही संबंध नसलेलं असलं तरी सांगत.

सानवीने दिवाळीच्या सुट्टीत स्वतःचा गेमिंग कॉम्प्युटर जुळवला. शिकवण्या करून एकेक भाग घेतला. शेवटी राहिली ती सगळ्या भागांना वीज पुरवणारी पेटी. कॉम्प्युटरवाले तिला एसएमपीएस म्हणतात. सानवीने बेरीज-वजाबाकी करून साडेसहाशे वॉटची एक चांगली पेटी मागवली. ती आली आणि सबनीसांनी हातात घेतली.

"हे काय? पोह्यांच्या डब्यासारखं हलकं?"

"बाबा, वजन नाही बघायचं. वॉट बघायचे."

"वॉट लिहिणारा लिहितो. काटा खोटं बोलत नाही."

काट्यावर ती एक किलो सातशे भरली. सबनीसांचा चेहरा पडला. विजेचं सामान म्हणजे शेवटी हार्डवेअर, आणि हार्डवेअर म्हणजे आपला प्रांत, असं ठरवून ते महाराजांच्या मठात, म्हणजे याच शेडमध्ये, गेले आणि महाराजांनी सिद्ध केलेली 'शक्तिपेटी' घेऊन आले. वर सोनेरी अक्षरांत बाराशे वॉट. लाल दोऱ्याचा गंडा, गाठीवर लाख. गंडा सोडला तर तेजोभंग होतो, अशी ताकीद. काट्यावर सव्वातीन किलो. सबनीसांनी हलकी पेटी दुकानातल्या कपाटात टाकली आणि जड पेटी मुलीच्या हाती ठेवली. बापाने इतक्या कौतुकाने आणलेली वस्तू सानवीला नाकारता आली नाही. तिची चूक झाली ती एवढीच.

त्या दिवसापासून कॉम्प्युटर बंद पडू लागला. बेरजा, पिक्चर, कॉलेजचं काम सगळं व्यवस्थित. पण गेममध्ये खरी लढाई पेटली की खट्. पडदा काळा. सानवी पाच मुलींच्या संघाची कप्तान होती. नेरळची अंतरा, मोहोपाड्याच्या दोघी, खोपोलीची एक. कप्तानच ऐन लढाईत गायब होऊ लागल्यावर संघ सराव सामने ओळीने हरला.

मग पहिली मठवारी झाली. अभ्यंग झालं, पंधरा मिनिटं झाली, घंटा वाजली. घरी आणल्यावरही कॉम्प्युटर बंद पडेना. फक्त चित्र अडखळू लागलं, शत्रू ठेचकाळत येऊ लागले. सानवीने तपासलं तर गेमचं चित्र उभं करणाऱ्या ग्राफिक्स कार्डाने किती वीज घ्यायची हे ठरवणारी स्क्रीनवरची सरकपट्टी कुणीतरी शंभरावरून पन्नासावर आणून ठेवलेली.

"बाबा, यांनी आत नेऊन कार्डाला अर्धपोटी ठेवलंय. म्हणून भार कमी झाला आणि बंद पडत नाही. हा चमत्कार नाही, उपास आहे."

"उपासाने तेज वाढतंच," सबनीस म्हणाले.

सानवीने पट्टी परत शंभरावर नेली. तीन मिनिटांत खट्.

"बघ! चांगला चालत होता. तू हात लावलास आणि गेला."

आणि आज, तेविसावा नंबर लागल्यावर, सबनीसांनी हीच हकिगत महाराजांना जशीच्या तशी सांगितली. महाराजांनी डोळे मिटले. अजेयने त्यांच्या कानाशी लागून काहीतरी सांगितलं. महाराजांनी डोळे उघडले ते सानवीवर.

"कन्येचा हात," ते म्हणाले. "यंत्र पुरुषतत्त्व आहे. पेटी सिद्ध आहे. पण ही कन्या चालवते आणि तेज उतरतं. हा दोष यंत्रात नाही, पेटीत नाही. हातात आहे."

रांगेत हळहळ पसरली. एका बाईने आपल्या मुलीला सीपीयूपासून जरा लांब ओढलं.

"उपाय, महाराज?" सबनीस पुढे सरकले.

"पुढच्या रविवारी अकराला समर्पण. यंत्र मठात ठेवायचं. कन्येने पुन्हा अशा यंत्राला हात लावायचा नाही. नाहीतर घराचं तेज जाईल."

"पुढच्या रविवारी चारला आमची निवड स्पर्धा आहे," सानवी म्हणाली.

"बाळ," महाराज मायेने म्हणाले, "यंत्राला आता संन्यास हवा."

मधल्या आठवड्यात घरात नेहमीसारखंच चाललं होतं. चारुलताबाई ताट वाढताना भांडं जरा जास्त आपटत एवढंच. अंतराचा फोन आला तेव्हा सानवी गच्चीवर जाऊन बोलली, आणि खाली आल्यावर तिचे डोळे पाहून सबनीसांनी ताट बाजूला सारलं. पण घराचं तेज हा विषय साधा नव्हता. घराच्या खालीच दुकान होतं.

बुधवारी दुकानात कोंडाजी आले. कोंडाणे गावचे, वीज मंडळात पस्तीस वर्षं खांबावर काढून निवृत्त झालेले लाईनमन. चिकटपट्टी घ्यायला आले होते, पण सबनीसांचं तोंड बघून स्टूल ओढून बसले. सबनीसांनी सगळं सांगितलं. 

"शेट, एक इचारू? त्या यंत्राला वॉट लागत्यात किती?"

"बाराशेची पेटी आहे ना!"

"पेटीचं नाय इचारलं. लागत्यात किती?"

 चाळीस वर्षांत त्यांना हा प्रश्न सुचला नव्हता. दुकानाच्या पायरीवर बसलेली सानवी मान वर न करता म्हणाली, "ग्राफिक्स कार्ड दोनशे वीस. प्रोसेसर एकशे वीस. बाकी बोर्ड, पंखे, दिवे मिळून साठ."

"म्हंजे चारशे. वर कार्डाला मधूनच उचकी लागती, जास्त खेचतं. मोटार चालू होताना खेचती ना, तसं. आन् पेटी कायम गळ्यापर्यंत भरू नये, तापती. म्हनून साडेसहाशे. पोरीचं गनित बरोबर हाय, शेट."

"पण बाराशे असली तर जास्तच चांगलं ना?"

"खरी बाराशेची असली तरी यंत्र चारशेच खानार. गावाला ट्रान्सफॉर्मर मोठा बसवला म्हनून तुमचा बलब जास्त पेटतो काय?" कोंडाजींनी चिकटपट्टीचं वेटोळं बोटात फिरवलं. "आन् बाराशेची पेटी चारशेला दम टाकती, हे मला नाय पटत. आमच्याकडं लाईन गेली की आमी पयला खांब बघायचो, कोनाचा हात नाय बघायचो."

"महाराजांनी हात सांगितलाय," सबनीस हळूच म्हणाले.

"मंग हातच तपासू की. चला वर."

सगळे वर गेले. सानवीने सरकपट्टी आधी पन्नासावर आणली. गेम लावला, दहा मिनिटं चालला. मग सानवीने पट्टी शंभरावर नेली. खट्.

"बघा!" सबनीस म्हणाले.

पट्टी परत पन्नासावर. गेम चालू. या वेळी सानवी खोलीच्या बाहेर जाऊन उभी राहिली आणि पट्टी चारुलताबाईंनी सरकवली. खट्.

"अहो, माझ्याही हातात दोष निघाला," बाई शांतपणे म्हणाल्या. "तीस वर्षं माझ्या हातचं जेवताय."

पुढे कोंडाजींचा हात. खट्. शेवटी सबनीसांनी स्वतः हात धुतले, देवाला नमस्कार केला आणि पट्टी सरकवली. तीन मिनिटं, दहा सेकंद. खट्.

 काळ्या पडद्यात सबनीसांना आपलाच चेहरा दिसत होता. सानवीला वाटलं, आता बाबांना कळलं.

"सगळ्यांचेच हात," सबनीस शेवटी म्हणाले. "चौघांचेही. म्हणजे इथे कुठला साधासुधा हात चालणार नाही. महाराजांचाच हात हवा! रविवारी त्यांनाच विनंती करतो. पट्टी त्यांनी सरकवली की प्रश्नच मिटला, समर्पणही नको."

सानवी काही बोलणार तेवढ्यात कोंडाजींनी तिच्या खांद्यावर हात ठेवला.

"शेट, एकदम बरोबर बोललात," ते गंभीरपणे म्हणाले. "मी बी येतो दर्शनाला. काटा घ्या बरोबर. आन् ती हलकी पेटी बी. पोराटोरांना दाखवू, हलकं आन् जड काय असतं."

ही कल्पना सबनीसांना फारच आवडली.

रविवारी मठात समर्पणाचा सोहळा म्हणून गर्दी दुप्पट होती. तीन सीपीयू फुलं घालून ओळीने मांडले होते. चौथा सबनीसांचा. अजेयने तो उचलायला हात पुढे केला तेव्हा सबनीस खुर्चीपुढे दंडवत घालून म्हणाले, "महाराज, एकच मागणं. घरात आम्ही चौघांनी हात लावून पाहिले, चौघेही दोषी निघालो. आपला पवित्र हात एकदा या पट्टीला लागू दे. इथेच, सगळ्यांसमोर. अभ्यंगाची गरज नाही, तो आधीच पन्नासावर आहे."

"पन्नासावर म्हणजे?" मोहोपाड्याच्या गृहस्थांनी विचारलं.

"म्हणजे अभ्यंगानंतर असतो तसा," सबनीसांनी भक्तिभावाने खुलासा केला.

महाराजांनी अजेयकडे पाहिलं. अजेयने प्लायवूडकडे पाहिलं.

"आम्ही यंत्राला स्पर्श करत नाही," महाराज म्हणाले. "आमचं तेज यंत्राला सोसणार नाही."

"बाराशे वॉट आहेत, महाराज!" सबनीस हात जोडून म्हणाले. "आपणच सिद्ध केलेत. सोसेल!"

या वाक्यावर शेडमधून जो जयजयकार उठला तो खरा होता. माणसं उठून उभी राहिली. इतक्या महिन्यांत महाराजांचा प्रत्यक्ष हात यंत्राला लागणार, हे बघायला मागचे पुढे सरकले. सीपीयूवर पदर धरणाऱ्या बाई स्टुलावर चढल्या. सानवीने टीव्ही जोडला, गेम लावला, आणि माऊस दोन्ही हातांनी, प्रसाद द्यावा तसा, महाराजांपुढे धरला.

महाराजांना दुसरा मार्ग उरला नाही. त्यांनी मंत्र म्हटला. तो नेहमीपेक्षा बराच लांब होता. मग पट्टी सरकवली. पासष्ट. सत्तर. तिथे त्यांचा हात थांबला.

"शंभर, महाराज," कोंडाजी मागून म्हणाले.

"पूर्ण करा!" शेड ओरडली. "शंभर! शंभर!"

शंभर झाले. पडद्यावर लढाई पेटली. एक मिनिट गेलं, दोन गेली. महाराजांच्या कपाळावरचं गंध ओघळू लागलं. तिसऱ्या मिनिटाला पंखे एकदम जोरात घरघरले, आणि खट्.

काळा पडदा. त्यात गेमिंगच्या खुर्चीचे लाल दिवे तेवढे दिसत होते.

"महाराज," अतिशय दुःखी आवाजात सबनीस म्हणाले, "आपलाही हात?"

कुणीतरी फिस्सकन हसलं. मग अजून एक. अजेय म्हणाला, लाईटचा प्रॉब्लेम आहे, व्होल्टेज कमी आहे. कोंडाजींनी खिशातून मीटर काढून प्लगमध्ये टेकवला आणि पहिल्या रांगेतल्या बाईंना दाखवला. "वाचा, ताई." बाईंनी मोठ्याने वाचलं, "दोनशे एकतीस." व्होल्टेज ठणठणीत होतं.

सानवीने प्लग काढला, बटण दाबून धरलं, स्क्रू काढले आणि जड पेटी बाहेर काढून कोंडाजींच्या हातात दिली. तिच्या जागी कपाटातली साडेसहाशेची हलकी पेटी बसवायला तिला अर्धा तास लागला. एरवी आरतीलाही इतकं न थांबणारी माणसं अर्धा तास श्वास रोखून उभी होती. या गडबडीत महाराज ध्यानासाठी गाभाऱ्यात गेले.

गेम लागला. पट्टी शंभरावर. माऊसवर सानवीचा हात, तोच, ज्याच्यात दोष होता. पाच मिनिटं झाली. दहा झाली. पंधरा. घंटा वाजवायला कुणी नव्हतं म्हणून मोहोपाड्याच्या गृहस्थांनीच ती वाजवली.

सबनीस पडद्याकडे बघत नव्हते. ते जड पेटीकडे बघत होते.

"वजन तर आहे," ते स्वतःशीच म्हणाले. "सव्वातीन किलो आहे. वजन गेलं कुठे?"

"बघू या की," कोंडाजी म्हणाले. "पन शेट, हे मी करतो, तुमी कोनी घरी नाय करायचं. प्लग काढला तरी आत वीज दडून बसती." त्यांनी हातमोजे चढवले, लाल गंडा कापला, लाख उडवली. तेजोभंग झाला तो इतकाच की लाखेचा एक कपचा सबनीसांच्या चपलेवर पडला. झाकण निघालं. एका कोपऱ्यात तळहाताएवढं, साध्या जुन्या कॉम्प्युटरला पुरेल असं सर्किट होतं. त्याच्यावरचा कागद कोंडाजींनी वाचला: तीनशे वॉट. उरलेल्या जागेत विटेसारखं करड्या रंगाचं काहीतरी घट्ट बसवलेलं. कोंडाजींनी पेचकसाने ते उचकटून सबनीसांच्या काट्यावर ठेवलं. एक किलो आठशे.

"काय आहे ते?" मागून विचारणा झाली.

याचं उत्तर शेडमध्ये एकच माणूस देऊ शकत होता. सबनीसांनी ती वीट उचलली, नखाने खरवडली, नाकाशी नेली.

"सिमेंट," ते म्हणाले. "त्रेपन्न ग्रेड. चांगलं सिमेंट आहे."

आणि मग त्यांनी वीट उलटी केली. विटेच्या कडेतून गंजलेले खिळे डोकावत होते. चपट्या, निमुळत्या डोक्याचे.

नालेचे खिळे.

दर महिन्याला अजेय त्यांच्या दुकानातून अर्धी गोण सिमेंट नेत असे. मठाच्या जीर्णोद्धारासाठी. सबनीस त्यात आपल्याकडून गंजलेल्या खिळ्यांचा एक डबा घालत, पुण्यकर्म म्हणून. वर्षभरात मठाला एक वीट लागलेली नाही, पत्रे होते तिथेच आहेत, हे त्यांना दिसत होतं. पण महाराजांचं काम महाराजांना ठाऊक, असं ते स्वतःला सांगत. आता ते सगळं बांधकाम त्यांच्या तळहातावर होतं.

"माझेच खिळे," ते म्हणाले. "अख्ख्या तालुक्यात दुसऱ्या कुणाकडे मिळत नाहीत."

आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी हे वाक्य अभिमानाशिवाय उच्चारलं.

त्यानंतर शेडमध्ये जे झालं त्याला गोंधळ म्हणतात. ज्यांनी शक्तिपेट्या घेतल्या होत्या त्यांनी कोंडाजींपुढे रांग लावली. चार पेट्या उघडल्या, चार विटा निघाल्या. गाभाऱ्याचं दार कुणीतरी ढकललं. आत मागच्या महिन्यांत संन्यास घेतलेले अकरा कॉम्प्युटर रचून ठेवलेले होते, पण एकाच्याही पोटात सगळ्यात महागडा भाग, ग्राफिक्स कार्ड, नव्हता. महाराज मागच्या दाराने बागेत ध्यानाला गेले होते आणि ध्यान चालता चालता हमरस्त्याला लागलं होतं. अजेय तेवढा पायरीवर बसलेला सापडला. "मी फक्त पट्टी सरकवायचो," तो म्हणत होता. पोलिसांत तक्रार लिहायला मोहोपाड्याचे गृहस्थ आणि स्टुलावरच्या बाई पुढे झाल्या. सोबत आलेल्या चारुलताबाईंनी कागदावर सही केली आणि नवऱ्यापुढे पेन धरलं. सबनीसांनी गुपचूप सही केली.

चार वाजता कॉम्प्युटर घरी टेबलावर होता. पाच मुलींचा संघ पहिला सामना जिंकला, दुसरा जिंकला, आणि तिसऱ्यात पुण्याच्या एका संघाने त्यांना धुऊन काढलं. तीन तास यंत्र एकदाही बंद पडलं नाही. सानवीने हेडफोन काढले तेव्हा सबनीस दारात उभे होते.

"हरलात?"

"हरलो. त्या चांगल्या खेळल्या. पण शेवटपर्यंत खेळलो, बाबा." मग जरा थांबून, "पुढच्या वेळी अजून सराव लागेल."

"मग कर की," सबनीस म्हणाले. आणि दाराची चौकट नखाने कुरतडत म्हणाले, "हातात दोष नाहीये तुझ्या."

ऐकतो ते असं की महाराज सध्या दुसऱ्या जिल्ह्यात आहेत आणि विजेवरच्या स्कूटरचं मायलेज वाढवून देतात. तिथेही रांग आहे म्हणे. असेलच. रांगेतली माणसं मूर्ख नसतात. ती आपापल्या धंद्यात हुशार असतात, फक्त आपल्या धंद्याचा काटा दुसऱ्याच्या मालाला लावतात आणि आकड्यापुढे हात जोडतात. महाराजांना विचारायचे प्रश्न फार अवघड नव्हते. किती लागतं? किती मिळतं? ज्याला तुम्ही कारण म्हणता ते बाजूला काढलं तर काय होतं? आणि आत काय आहे? एवढे चार प्रश्न विचारायला पदवी लागत नाही, एक लाईनमन आणि एक पट्टी पुरते. ज्या शक्तीला हे प्रश्न सोसत नाहीत, ती शक्ती घरी आणू नये. मग ती कितीही किलोंची असो.

सबनीसांनी ती वीट दुकानात गल्ल्यापाशी ठेवली आहे. परवा नेरळच्या नव्या बिल्डिंगीतलं एक जोडपं कुलूप घ्यायला आलं. गृहस्थांनी दोन कुलपं हातात तोलली आणि म्हणाले, "हे द्या. जड आहे."

सबनीसांचा हात सवयीने काट्याकडे गेला. अर्ध्यावर थांबला. मग त्यांनी दोन्ही कुलपं स्वतःकडे ओढून घेतली आणि खणातून पेचकस काढला.

"थांबा," ते म्हणाले. "आधी उघडून बघू."